कंपायलरच्या वॉर्निंग : दुरुस्ती कोणी करायची?

पोंभुर्णा तालुक्यातला एखादा विद्यार्थी अभियांत्रिकीसाठी चंद्रपूर, बल्लारपूर किंवा नागपूरला जातो. सुट्टीत घरी आला की एखाद्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा सोर्स कोड उतरवून घेतो आणि तो कंपाइल करण्यासाठी ‘मेक’ चालवतो. पडद्यावर वॉर्निंगची रांग लागते. एक व्हेरिएबल वापरलेलंच नाही, दुसऱ्याला कदाचित किंमत मिळालेली नाही, कुठे साइन्ड आणि अनसाइन्ड संख्यांची तुलना झाली आहे. शेवटी प्रोग्राम तयार होतो आणि चालतोही. मग त्या ओळींचं करायचं काय? मोठ्या कंपनीत हे विचारायला शेजारच्या टेबलावर कोणी अनुभवी माणूस असतो. गावी बसून शिकणाऱ्याला फक्त पडद्यावरचा मजकूर मिळतो, आणि तो मजकूर मुळात त्याला उद्देशून लिहिलेला नसतो.

निरुपयोगी वाटणाऱ्या वॉर्निंगशी कसं वागावं हा वाद जुना आहे. त्यात लिनक्स कर्नलचे प्रमुख आहेत, जीसीसी आणि क्लँग हे कंपायलर बनवणारे आहेत, डेबियन आणि जेंटूसारखी वितरणं सांभाळणारे स्वयंसेवक आहेत, आणि पुण्या-मुंबईचे संशोधकही आहेत. प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागेवरून रास्त आहे. त्यांच्यातला मतभेद बराचसा एकाच गोष्टीवरून निघतो, असं मला हा सगळा पसारा पाहताना वाटत आलं आहे: कोड लिहिणारा आणि तो बिल्ड करणारा ही ओपन सोर्समध्ये दोन वेगळी माणसं असतात, आणि कंपायलरला त्यांच्यातला फरक कळत नाही.

वेगळं साधन कंपायलरच्या पोटात कसं आलं

सी भाषेच्या सुरुवातीच्या काळात कंपायलरचं काम कोड झटपट भाषांतरित करण्याचं होतं. संशयास्पद रचना शोधण्यासाठी बेल लॅब्जमधल्या स्टीफन जॉन्सन यांनी १९७८च्या सुमारास ‘लिंट’ हा स्वतंत्र प्रोग्राम केला. ज्याला आपला कोड तपासून घ्यायचा असेल त्याने लिंट चालवायचा, बाकीच्यांनी नुसतं कंपाइल करायचं. या विभागणीत एक शहाणपण होतं. तपासणी मागणारा आणि तिचा निकाल वाचणारा माणूस एकच असे.

१९८७मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांचा जीसीसी आला आणि पुढच्या काळात लिंटच्या अनेक तपासण्या कंपायलरमध्येच शिरल्या. सोय झाली, पण ज्याने तपासणी मागितलीच नव्हती त्याच्याही पडद्यावर तिचा निकाल दिसू लागला. या तपासण्या चालू करणारा ‘डब्ल्यू-ऑल’ हा पर्याय नावाप्रमाणे सगळ्या वॉर्निंग देत नाही. त्यापुढे ‘डब्ल्यू-एक्स्ट्रा’ आहे आणि त्याच्याही बाहेर डझनावारी वॉर्निंग उरतात. ‘ऑल’मध्ये नवी वॉर्निंग घातली की जगभरातले बिल्ड बिघडतात, म्हणून ही यादी जपूनच वाढवावी लागते.

दुसरा मोठा मुक्त कंपायलर क्लँग. तो ज्या एलएलव्हीएम प्रकल्पावर उभा आहे त्याची सुरुवात २००० साली इलिनॉय विद्यापीठात ख्रिस लॅटनर आणि विक्रम आडवे यांनी केली. आडवे हे आयआयटी मुंबईचे १९८७चे पदवीधर. क्लँगमध्ये ‘डब्ल्यू-एव्हरीथिंग’ हा पर्याय खरोखर सगळ्या वॉर्निंग चालू करतो, आणि तो चालू केला की त्यातल्या काही एकमेकींच्या विरोधात असल्याचं दिसतं. ‘स्विच’मध्ये ‘डीफॉल्ट’ नसेल तर एक तक्रार करते. सगळे पर्याय हाताळूनही ‘डीफॉल्ट’ ठेवला तर दुसरी करते.

खोटा इशारा का टळत नाही

ही कंपायलर लिहिणाऱ्यांची हयगय नाही. हेन्री राइस यांनी १९५३मध्ये सिद्ध केलं की प्रोग्रामच्या वागण्याविषयीच्या कुठल्याही अर्थपूर्ण प्रश्नाचं उत्तर सर्व प्रोग्रामसाठी अचूक देणारी यांत्रिक पद्धत असूच शकत नाही. म्हणून कंपायलर अंदाज बांधतो. १९७३मध्ये गॅरी किल्डॉल यांनी प्रोग्राममधून माहिती कशी वाहते याचं गणित एका चौकटीत बसवलं. त्याला डेटा फ्लो ॲनालिसिस म्हणतात. आयआयटी मुंबईतले उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांचं २००९चं पुस्तक याच विषयावर आहे. खेडकरांच्या पुढाकाराने तिथे जीसीसी रिसोर्स सेंटर चाललं आणि जीसीसीचं अंतरंग शिकवणाऱ्या कार्यशाळा झाल्या. आपल्याकडे कंपायलर हा परीक्षेपुरता विषय मानला जातो. त्यामुळे चालत्या, उद्योगात वापरल्या जाणाऱ्या कंपायलरचा कोड विद्यार्थ्यांना उघडून दाखवणाऱ्या या उपक्रमाचं मोल मला फार वाटतं.

एक साधं उदाहरण घेऊ. एका अटीखाली व्हेरिएबलला किंमत दिली. पुढे दहा ओळींनंतर तीच अट पुन्हा तपासून ते व्हेरिएबल वापरलं. माणसाला दिसतं की अट तीच आहे, म्हणजे किंमत मिळालेलीच असणार. कंपायलरला मात्र दोन अटींमधून चार वाटा दिसतात आणि त्यांतल्या एका वाटेवर व्हेरिएबल रिकामं राहतं. ती वाट प्रत्यक्षात अशक्य आहे हे त्याला कधी कळतं, कधी कळत नाही. जीसीसीत हे ऑप्टिमायझेशनच्या पातळीवरही अवलंबून असतं. तोच कोड ‘ओ-शून्य’वर गप्प असतो आणि ‘ओ-दोन’वर वॉर्निंग देतो, आणि कंपायलरची आवृत्ती बदलली की उत्तर पुन्हा बदलतं. क्लँगने या बाबतीत वॉर्निंग ऑप्टिमायझेशनपासून अलग ठेवल्या आहेत. त्यामुळे त्याचं वागणं स्थिर राहतं, पण काही खऱ्या चुका त्याला दिसत नाहीत. दोन्हींत काहीतरी गमवावं लागतंच.

ताडोबाच्या जंगलात फिरणाऱ्या गाइडला ठाऊक असतं की चितळाचा कॉल बऱ्याच कारणांनी येतो, सांबराचा कॉल आला की मात्र गाडी थांबवायची. वॉर्निंगचंही तसंच आहे. कुठल्या आवाजावर किती विश्वास ठेवायचा हे अनुभवाने कळतं आणि नवख्याजवळ नेमका तोच नसतो. कोव्हेरिटी या तपासणी साधनाच्या निर्मात्यांनी २०१०मध्ये आपला अनुभव लिहिला. खोट्या इशाऱ्यांचं प्रमाण ३० टक्क्यांच्या वर गेलं की लोक साधनाकडे दुर्लक्ष करू लागतात, आणि त्या गोंगाटात खरे इशारेही बुडतात, असं त्यांचं निरीक्षण होतं.

‘एकही वॉर्निंग नको’

पहिला पक्ष शून्य वॉर्निंगचा. कोड स्वच्छ असेल तर नवी वॉर्निंग आली की लगेच डोळ्यांत भरते. आधीच पाचशे असतील तर पाचशे एकावी कोणाला दिसणार? म्हणून ‘डब्ल्यू-एरर’ लावून प्रत्येक वॉर्निंगला चूकच समजायचं आणि बिल्ड थांबवायचं.

या पक्षाचा सर्वांत बोलका पुरावा फेब्रुवारी २०१४चा. ॲपलच्या सुरक्षित जोडणीच्या कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून दोनदा पडली होती. दुसरी ओळ कुठल्याही अटीत नव्हती, त्यामुळे पुढची सही-तपासणी कधी चाललीच नाही. पोहोचताच न येणाऱ्या कोडवर बोट ठेवणारी वॉर्निंग क्लँगमध्ये होती, पण ती ‘ऑल’मध्ये नव्हती. जीसीसीने तर तशी वॉर्निंग बेभरवशाची म्हणून आधीच काढून टाकली होती. पुढे २०१६च्या जीसीसी ६मध्ये फसव्या इंडेंटेशनची वॉर्निंग आली आणि ती ‘ऑल’मध्ये घेतली गेली.

सप्टेंबर २०२१मध्ये कर्नलचे प्रमुख लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्स ५.१५साठी संपूर्ण कर्नलला ‘डब्ल्यू-एरर’ मुळातच चालू केलं. लोक वॉर्निंग मागे ठेवून कोड पुढे ढकलतात, हे त्यांना थांबवायचं होतं. मात्र जुने कंपायलर, वेगवेगळे प्रोसेसर आणि वेगवेगळ्या मांडण्या यांवर इतके बिल्ड मोडले की काही दिवसांतच तो नियम चाचणीच्या बिल्डपुरता मर्यादित करावा लागला. ज्यांना फक्त स्वतःच्या मशीनसाठी कर्नल हवा होता, त्यांच्यावर तो लादला गेला नाही.

‘दुसऱ्याचा बिल्ड मोडू नका’

दुसरा पक्ष वितरणं सांभाळणाऱ्यांचा. लेखकाने जीसीसी ११वर कोड स्वच्छ केला, त्यात ‘डब्ल्यू-एरर’ ठेवलं आणि पॅकेज प्रसिद्ध केलं. दोन वर्षांनी जीसीसी १३ नवी वॉर्निंग घेऊन येतो. कोडमध्ये एक अक्षर बदललेलं नसताना बिल्ड मोडतो, आणि तो मोडलेला पाहायला लेखक जागेवर नसतो. तिथे असतो पॅकेज बांधणारा स्वयंसेवक, किंवा आपला सुट्टीत घरी आलेला विद्यार्थी. जेंटू या वितरणाचा नियमच आहे की पॅकेजमधून ‘डब्ल्यू-एरर’ काढून टाकावं.

एकच कोड दोन घरी दोन प्रकारे बोलतो, हेही इथे लक्षात घ्यायला हवं. उबुंटूचा जीसीसी ‘फॉर्टिफाय सोर्स’ हे संरक्षण मुळातच चालू ठेवतो. त्यामुळे ‘राइट’सारख्या फंक्शनचा परतावा न तपासल्याची वॉर्निंग उबुंटूवर दिसते. दुसऱ्या वितरणावर ती दिसेलच असं नाही. लेखकाला ती कधी दिसलेलीच नसते. शिवाय परतावा मुद्दाम टाकून देतोय हे सांगण्यासाठी ‘व्हॉइड’ लिहिलं तर क्लँग गप्प होतो, जीसीसी होत नाही.

या दोन पक्षांत आता बऱ्यापैकी तडजोड झाली आहे. ओपन सोर्स सिक्युरिटी फाउंडेशनच्या २०२३च्या मार्गदर्शिकेत सल्ला असा आहे की विकासाच्या काळात आणि स्वयंचलित चाचणीत ‘डब्ल्यू-एरर’ जरूर वापरा, प्रसिद्ध केलेल्या सोर्स कोडमध्ये सरसकट ठेवू नका. ग्लिबसी या सी लायब्ररीमध्ये ते मुळात चालू असतं आणि कॉन्फिगर करताना बंद करण्याचा पर्याय दिलेला असतो. सीमेक या बिल्ड साधनाच्या २०२२च्या ३.२४ आवृत्तीपासून बिल्ड करणाऱ्याला लेखकाची निवड बाजूला ठेवता येते. माझ्या मते या वादात झालेली ही सर्वांत ठोस प्रगती आहे, कारण इथे पहिल्यांदा लेखक आणि बिल्ड करणारा यांना दोन माणसं मानून साधन घडवलं गेलं.

‘वॉर्निंग बंद करण्याच्या नादात नवी चूक’

तिसरं म्हणणं अधिक अस्वस्थ करणारं आहे. एसक्यूलाइट या डेटाबेसच्या निर्मात्यांनी जाहीरपणे नोंदवलं आहे की स्टॅटिक ॲनालिसिसने, म्हणजे प्रोग्राम न चालवता केलेल्या तपासणीने, सापडलेल्या चुकांपेक्षा वॉर्निंग घालवताना नव्याने शिरलेल्या चुका जास्त निघाल्या. तरीही ते आपला कोड वॉर्निंगशिवाय कंपाइल होईल याची काळजी घेतात, कारण वापरणारे लोक तक्रार करतात.

याचं सर्वांत महागात पडलेलं उदाहरण डेबियनचं. तिथे इशारा कंपायलरचा नव्हता, स्मृती तपासणाऱ्या साधनांचा होता, पण धडा तोच. ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या लायब्ररीतल्या, यादृच्छिक संख्या बनवणाऱ्या कोडमध्ये किंमत न दिलेली स्मृती वाचली जाते अशी तक्रार येत होती. २००६मध्ये डेबियनच्या पॅकेजमध्ये दोन ओळी काढून तक्रार थांबवली गेली. त्यांतली एक ओळ यादृच्छिकतेचा मुख्य माल आत घालणारी होती. उरला तो फक्त प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे जेमतेम ३२,७६८ शक्यता. मे २००८मध्ये हे उघड झालं तेव्हा डेबियन आणि उबुंटूवर त्या काळात बनलेल्या किल्ल्या कोणालाही अंदाजाने काढता येण्याजोग्या ठरल्या आणि जगभर त्या बदलाव्या लागल्या. बदल करणाऱ्याचा हेतू चांगला होता. त्याने मूळ प्रकल्पाला विचारलंही होतं. आपण न लिहिलेल्या कोडमधली वॉर्निंग मिटवणं किती अवघड असू शकतं, हे मला या प्रकरणातून सर्वांत स्पष्ट दिसतं.

लहान प्रमाणात हेच रोज घडतं. ‘कदाचित किंमत मिळालेली नाही’ अशी वॉर्निंग आली की बरेचजण सुरुवातीलाच शून्य देऊन टाकतात. वॉर्निंग जाते. पुढे कोणी कोड बदलला आणि एका वाटेवर खरी किंमत द्यायची राहिली, तर ते शून्यच निमूटपणे पुढे जातं. कंपायलर बोलत नाही आणि स्मृती तपासणारं व्हालग्राइंडही बोलत नाही, कारण स्मृतीला किंमत मिळालेली आहे. कर्नलमध्ये ही वॉर्निंग दाबण्यासाठी एक खास मॅक्रो होता. खऱ्या चुका झाकल्या जातात म्हणून २०२०मध्ये तो काढून टाकला गेला. त्याच वर्षी मे महिन्यात, जीसीसी १० आल्यावर, टॉरवाल्ड्स यांनी ही वॉर्निंगच नेहमीच्या बिल्डमधून बंद केली. कुठल्या आवृत्तीवर तिच्यावर विश्वास ठेवायचा आणि कुठल्या नाही, याचे नियम फारच विस्कळीत झाले होते. हवी असेल त्याला ती ‘डब्ल्यू बरोबर दोन’ देऊन आजही मिळते.

‘वॉर्निंग हा प्रकारच नको’

२००९मध्ये खुल्या झालेल्या गो भाषेने हा प्रश्न मुळातूनच काढून टाकला. तिचा कंपायलर वॉर्निंग देत नाही. न वापरलेलं व्हेरिएबल किंवा इम्पोर्ट ही सरळ चूक, आणि बाकीच्या शंकांसाठी ‘व्हेट’ हे वेगळं साधन. म्हणजे फिरून लिंटची विभागणी आली. गूगलच्या अभियंत्यांनी २०१८मध्ये लिहिलेल्या अनुभवाचा सूरही हाच आहे: कंपाइल करताना दिसणाऱ्या वॉर्निंगकडे लोक पाहत नाहीत, म्हणून तपासणी पक्की असेल तर तिला चूक करा, नाहीतर ती कोड परीक्षणाच्या वेळी दाखवा. त्यांनी खोट्या इशाऱ्याची व्याख्याही बदलली. इशारा तांत्रिकदृष्ट्या खरा असला तरी वाचणाऱ्याने त्यावर काहीच केलं नाही, तर तो त्यांच्या हिशेबात खोटाच. ही व्याख्या प्रोग्रामकडे पाहत नाही, वाचणाऱ्याकडे पाहते. म्हणून मला ती महत्त्वाची वाटते.

रस्ट भाषेने मधला रस्ता काढला. तिचं ‘कार्गो’ हे साधन बाहेरून आणलेल्या पॅकेजच्या वॉर्निंग दाबून टाकतं आणि फक्त तुमच्या कोडच्या दाखवतं. सी-सी++मध्ये दुसऱ्याच्या हेडर फायली ‘आय-सिस्टिम’ने जोडल्या तर काहीसा तोच परिणाम साधता येतो, पण ते बिल्ड मांडणाऱ्याच्या लक्षात राहिलं तर.

पुण्याचं काम

वॉर्निंग आधीच निघाल्या आहेत, आता त्या हाताळायच्या कशा, या प्रश्नावरचं महत्त्वाचं काम महाराष्ट्रात झालं आहे. १९८१मध्ये पुण्यात सुरू झालेल्या टाटा संशोधन विकास आणि अभिकल्प केंद्रात, म्हणजे टीआरडीडीसीत, तुकाराम मुस्के आणि त्यांचे सहकारी स्टॅटिक ॲनालिसिसच्या इशाऱ्यांवर अनेक वर्षं काम करत आले आहेत. नेदरलँड्समधले अलेक्झांडर सेरेब्रेनिक यांच्यासोबत मुस्के यांनी २०१६मध्ये या क्षेत्राचा आढावा घेतला. इशाऱ्यांचे गट करणं, त्यांना महत्त्वाचा क्रम देणं, बिनमहत्त्वाचे वगळणं, खोटे इशारे यंत्रानेच बाद करणं, प्रोग्राम चालवून पडताळणं आणि माणसाची तपासणी सोपी करणं, अशा सहा वाटा त्यांनी मांडल्या.

त्यांच्या गटाची २०१८ची एक कल्पना मला विशेष भावते. एकाच कारणातून आलेले अनेक इशारे कोडमध्ये वर किंवा खाली सरकवून एका जागी आणायचे, म्हणजे परीक्षकाला दहा ठिकाणी तेच तपासावं लागणार नाही. एकही खरा इशारा न गमावता वाचणाऱ्याचे कष्ट कमी होतात. हे संशोधन मुख्यतः मोठ्या उद्योगांच्या कोडसाठी झालं. रोजच्या मुक्त कंपायलरमध्ये त्यातलं फार थोडं उतरलं आहे. ‘मेक’चा पडदा आजही फायलींच्या क्रमानेच सरकतो, महत्त्वाच्या क्रमाने नाही.

वॉर्निंगची चूक होते तेव्हा

अलीकडे वादाचं केंद्र सरकलं आहे. आधी न सांगितलेलं फंक्शन थेट वापरण्याची सूट सी भाषेने १९९९च्या प्रमाणात काढून घेतली, पण कंपायलर पुढे पाव शतक फक्त वॉर्निंग देत राहिले. ही वॉर्निंग मुळीच निरुपयोगी नव्हती. असं फंक्शन ‘इंट’ परत करतं असं कंपायलर धरून चालतो. ते प्रत्यक्षात पॉइंटर परत करत असेल तर ६४ बिटांच्या मशीनवर त्याचे वरचे ३२ बिट कापले जातात आणि प्रोग्राम भलत्याच ठिकाणी कोसळतो. इतकी गंभीर सूचना ‘न वापरलेलं व्हेरिएबल’च्या शेजारी, त्याच रंगात, त्याच आवाजात येत होती.

२०२३मध्ये क्लँग १६ने आणि मे २०२४मध्ये जीसीसी १४ने तिला चूक केलं. परिणाम केवळ कोडवर झाला नाही. जुन्या ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट मशीनवर एखादी सोय आहे का हे पाहण्यासाठी छोटे प्रोग्राम कंपाइल करतात, आणि ते प्रोग्रामही तसेच ढिसाळ लिहिलेले. ते कंपाइल झाले नाहीत की स्क्रिप्ट समजते, सोयच नाही. बिल्ड पूर्ण होतो, एकही तक्रार दिसत नाही, आणि सॉफ्टवेअरमधला एखादा भाग गायब असतो. फेडोरा आणि जेंटू या वितरणांच्या लोकांनी अशी हजारो पॅकेज तपासण्याचं किचकट काम आधीपासून हाती घेतलं होतं. २०२५च्या जीसीसी १५ने सी२३ हे मूळ प्रमाण केलं आणि रिकाम्या कंसाचा अर्थच बदलला, तेव्हा जुन्या पॅकेजची पुढची फळी मोडली.

आज काय करता येतं

दुसऱ्याचं सॉफ्टवेअर बिल्ड करणाऱ्यापुरतं बरंचसं एकमत आहे. वॉर्निंगच्या शेवटी चौकटी कंसात तिचं नाव छापलेलं असतं, ते आधी पाहावं. न सांगितलेलं फंक्शन, पॉइंटर आणि पूर्णांकाची सरमिसळ, परतावा न देणारं फंक्शन, ‘प्रिंटएफ’चा चुकलेला साचा, यांकडे थांबून पाहावं. न वापरलेलं व्हेरिएबल आणि साइन्ड-अनसाइन्ड तुलना मूळ लेखकावर सोडाव्यात. बिल्ड ‘डब्ल्यू-एरर’मुळे थांबला असेल तर त्या एका वॉर्निंगपुरतं ‘नो-एरर’ द्यावं. जुन्या कोडला जीसीसी १४ने चूक ठरवलं असेल तर ‘एफ-परमिसिव्ह’ हा पर्याय आहे, मात्र तो वापरून बनलेल्या प्रोग्रामची चाचणी घ्यावी. एक बारीक गोष्ट नवख्यांना फार छळते: ‘डब्ल्यू-नो’ने सुरू होणारं चुकीचं नाव दिलं तर जीसीसी गप्प राहतो, आणि दुसरी काही तक्रार निघाली तरच त्याचा उल्लेख करतो.

स्वतःचा कोड लिहिणाऱ्यासाठी ‘पुश’ आणि ‘पॉप’ प्राग्मा, म्हणजे कोडमधूनच कंपायलरला द्यायच्या सूचना, आहेत. त्यांनी वॉर्निंग तेवढ्याच ओळींपुरती दाबता येते आणि शेजारी कारण लिहिता येतं. कर्नलमधल्या ‘फॉलथ्रू’चं उदाहरण इथे अनुकरणीय आहे. ‘स्विच’मधून पुढच्या केसमध्ये मुद्दाम घसरणारी प्रत्येक जागा वर्षानुवर्षं वाचून, तपासून, खूण करून २०१९च्या ५.३ आवृत्तीत ती वॉर्निंग सगळीकडे चालू झाली. वाटेत खऱ्या चुकाही सापडल्या. गुस्तावो सिल्व्हा यांनी यात घेतलेले कष्ट ओपन सोर्समधल्या न दिसणाऱ्या श्रमांपैकी आहेत.

शिकण्याच्या बाजूने पाहिलं तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे सी आणि लिनक्सचे धडे मराठीतही आहेत. वॉर्निंग वाचायची कशी आणि सोडायची कुठली, हा विषय आपल्या अभ्यासक्रमांत मात्र जवळजवळ येतच नाही.

जे अजून सुटलेलं नाही

‘ऑल’मध्ये काय असावं याचा सर्वमान्य निकष नाही. जीसीसी आणि क्लँग यांच्या याद्या वेगळ्या आहेत, आणि प्रत्येक नव्या वॉर्निंगवर पुन्हा नव्याने चर्चा होते. खोटा इशारा मोजायचा कसा, प्रोग्राम पाहून की वाचणारा पाहून, यावरही संशोधक आणि उद्योग यांची उत्तरं जुळत नाहीत. पहिल्यावर भर दिला तर साधन गणिती दृष्ट्या चोख होतं, दुसऱ्यावर दिला तर लोक ते वापरतात.

वॉर्निंग मिटवणारे छोटे पॅच हे नवख्यांसाठी प्रकल्पात शिरण्याचं दार मानावं का, हाही प्रश्न तसाच उघडा आहे. काही सांभाळकर्त्यांना ते हवे असतात. काहींना डेबियनची आठवण असते. बदल एका ओळीचा असला तरी तो तपासायला त्या कोडची पूर्ण जाण लागते, आणि ती असलेली माणसं थोडी आहेत.

सर्वांत अवघड प्रश्न सांभाळकर्ताच न उरलेल्या पॅकेजचा. एखादं वैज्ञानिक किंवा भाषाविषयक साधन वीस वर्षांपूर्वी कोणीतरी लिहिलं, ते अजून उपयोगी आहे, पण जीसीसी १५वर बिल्ड होत नाही. दुरुस्ती पाठवली तर स्वीकारणारा कोणी नाही. वितरणं आपापले पॅच आपापल्या जवळ ठेवतात. त्यामुळे एकाच चुकीच्या तीन-चार वेगवेगळ्या दुरुस्त्या तीन-चार ठिकाणी फिरतात. त्यांतली बरोबर कुठली हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे असावा, यावर फेडोरा, डेबियन आणि जेंटू यांच्यात सामायिक व्यवस्था अजून उभी राहिलेली नाही.